बेगमीचं झाड

सुक्यामेव्याच्या दुकानात काजू-बदाम समोर मांडलेले असतात, चिलगोजे मात्र मागच्या फळीवर. किलोला काही हजार रुपये भाव असलेली वस्तू कुणी उघड्या बरणीत ठेवत नाही. मागितलं तर दुकानदार आधी तुमच्याकडे एकदा नीट बघतो, मग छोटी पुडी काढतो. लांबुडके, तपकिरी, साधारण दोन सेंटिमीटरचे दाणे. कवच इतकं पातळ की नखानं निघतं. आत पांढरट, मऊ, तेलकट गर. चव ओला नारळ आणि कच्चा शेंगदाणा यांच्या मधली कुठेतरी, आणि गिळल्यावर मागे राहणारा राळेचा किंचित वास.

पेस्तोची रील बघून आपण ऑनलाइन जे ‘पाइन नट’ मागवतो तेही याच कुळातले. जगात पाइनच्या शंभरावर जाती आहेत. त्यांतल्या वीसेक जातींच्याच बिया खाण्याजोग्या मोठ्या असतात. प्राचीन रोमच्या स्वयंपाकात त्या भरपूर वापरल्या जात, पॉम्पेईच्या राखेत त्या जळालेल्या सापडल्या आहेत, कोरियात त्यांची खीर करतात, जिनोव्हात त्या तुळशीच्या भाऊबंदांबरोबर खलबत्त्यात जातात. ही जंत्री लांबवता येईल, पण माझं लक्ष दुसरीकडेच आहे.

यांतल्या बहुतेक बिया आजही शेतातून नाही, रानातून येतात. झाड लावून पहिलं बरं पीक हाती यायला माणसाची एक पिढी जाते. फळ धरल्यापासून पिकायला दोन-दोन, कधी तीन वर्षं. शिवाय पीक दर वर्षी सारखं येत नाही. त्यामुळे या झाडावर जगणारी माणसं ही ते लावणारी नसून त्याच्या आसपास राहणारी असतात. त्यांच्याकडे झाडाचा सातबारा नसतो. असते ती वहिवाट: आजोबा तोडायचे, वडील तोडायचे, आम्ही तोडतो. आणि मग बाहेरून कुणीतरी येतं आणि त्याला त्याच डोंगरावर वेगळंच काहीतरी दिसतं. गेली काही वर्षं मी या बियांबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि देश बदलला तरी गोष्टीत हे वळण येतंच.

चिलगोजा हे नाव फारसी. ‘चेहेल’ म्हणजे चाळीस, ‘गोजा’ म्हणजे बी किंवा बोंड; एका फळात चाळीस दाणे, अशी व्युत्पत्ती सांगतात. आशुरानंतर चाळिसाव्या दिवशी येणारा ‘चेहलुम’ तुम्ही ऐकला असेल, त्यातलाच हा चाळीस. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत शोधायचं तर चरकसंहितेत बदाम-अक्रोडांच्या रांगेत ‘निकोचक’ येतो. तो चिलगोजा असं काही जण मानतात, काही जण पिस्ता. मला या वादात फार रस नाही, कारण दोन्ही उत्तरेकडून येणारे आणि दोन्ही महाग.

बाबरानं मात्र झाडच पाहिलं होतं. काबूलच्या आसपासच्या मुलखाचं वर्णन करताना तो निजरावच्या डोंगरांतल्या चिलगोज्याची नोंद करतो. तिथले लोक त्याचं लाकूड दिव्यासारखं जाळतात आणि ते मेणबत्तीसारखं जळतं, याचं त्याला नवल वाटलं. राळेनं भरलेलं लाकूड, ते जळणारच. हे राळेचं लाकूड पुढे लक्षात ठेवा.

भारतात चिलगोजा मुख्यतः हिमाचलमधल्या किन्नौरचा. थोडा चंब्याच्या वरच्या भागात. सतलजच्या खोऱ्यात पाऊस अडतो तिथून पुढे कोरडे, दगडी उतार सुरू होतात, आणि देवदारही जिथे कंटाळतो तिथे हा उभा असतो. साल चकत्याचकत्यांनी सुटलेली, खाली राखाडी-हिरवं खोड. लांबून एखाद्यानं झाडावर नकाशा काढलाय असं वाटतं. त्याचं शास्त्रीय नाव ‘पायनस जेरार्डियाना’. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात फिरलेल्या तीन जेरार्ड भावांपैकी कॅप्टन पॅट्रिक जेरार्ड यांच्यावरून ते पडलं. किन्नौरी माणसं पिढ्यानपिढ्या खात होती ते झाड ईस्ट इंडिया कंपनीच्या एका कॅप्टनच्या नावे लागलं, यात त्या काळाच्या मानानं विशेष काही नाही.

त्यानंतरच्या इंग्रज वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत किन्नौरच्या एका म्हणीचा उल्लेख येतो. मतितार्थ असा की एका झाडावर एका माणसाचा हिवाळा निघतो. कोकणात आपण आगोटीची बेगमी करतो: सुकी मासळी, पापड, मीठ, मिरची. किन्नौरमध्ये ती बर्फाची. चार-पाच महिने घाट बंद, शेत गोठलेलं. अशा वेळी निम्मं वजन तेलाचं असलेला, कवचात महिनोन्‌महिने टिकणारा दाणा ही चैन नव्हती, ते जेवण होतं. पाहुण्याला आणि नवरा-नवरीला चिलगोज्यांची माळ घालतात तीही याच मानानं.

1864 मध्ये बुशहर संस्थानच्या राजानं आपली जंगलं ब्रिटिश सरकारला भाडेपट्ट्यानं दिली. हवा होता देवदार. पंजाबात रेल्वे येत होती, तिला स्लीपर लागत होते, आणि सतलज ओंडके फुकटात मैदानात पोचवत होती. चिलगोज्याचं लाकूड वेडंवाकडं, राळेनं चिकट, स्लीपरला नालायक. त्यामुळे देवदारावर कुऱ्हाड चालली आणि चिलगोजा बऱ्याच अंशी सुटला. गावकऱ्यांचा बी गोळा करण्याचा हक्क सरकारनंही मान्य केला. हे औदार्य होतं असं मला वाटत नाही. ज्याचं बाजारात मोल नाही त्याच्यावर हक्क देणं सोपं असतं.

रेकाँग पिओच्या बाजारात ऑक्टोबरमध्ये गोणपाटावर चिलगोज्यांचे ढीग लागतात. तिथल्या एका दुकानदारबाईंनी मला खायची रीत दाखवली. दाणा दोन बोटांत आडवा धरायचा, मधोमध हलका दाब द्यायचा, कवच चरकन् फुटतं, मग टोकाकडून सोलायचा. दातानं फोडला तर गर चिरडतो. भाजायचे असतील तर लोखंडी कढईत, मंद आचेवर, कवचासकट, आणि हात एक क्षणही थांबवायचा नाही. सोललेला गर तुपावर परतणार असाल तर रंग बदलायच्या आधीच उतरवा. बदामाला जो सोनेरी रंग शोभतो तो याला कडू करतो. पुलावात मी तो शेवटी, वरून घालते. शिऱ्यात घालून बघितला. शिऱ्याच्या साखरेपुढे त्याचं काही चालत नाही.

आता किन्नौरमध्ये झाडाचं लाकूड कुणाला नको होतं म्हणून ते वाचलं. ते हवं असतं तर काय झालं असतं? याचं उत्तर जवळजवळ त्याच काळात अमेरिकेत, नेव्हाडामध्ये मिळतं.

नेव्हाडा म्हणजे कोरड्या खोऱ्यांचा आणि त्यांच्यामधून उठणाऱ्या डोंगररांगांचा प्रदेश. या रांगांवर पिन्यॉन नावाचा बुटका पाइन वाढतो. शोशोनी, पाइयूट, वॉशो या लोकांची हिवाळ्याची बेगमी म्हणजे त्याच्या बिया. ऑगस्ट संपता संपता कुटुंबं डोंगरावर चढत. टोकाला आकडा बांधलेल्या लांब काठीनं हिरवी फळं खाली ओढायची, हात राळेनं काळे करून घ्यायचे, खड्ड्यात विस्तव करून फळं भाजायची म्हणजे ती उघडतात. पुढचं काम तर आपल्या कुठल्याही आजीला न सांगता कळलं असतं. विलोच्या काटक्यांच्या सुपात दाणे आणि धगधगते निखारे एकत्र घ्यायचे आणि सूप सतत हलवत ठेवायचं, दाणा भाजला पाहिजे आणि सूप जळता कामा नये. मग पाट्यावर हलकेच रगडून कवच फोडायचं, पाखडायचं, पुन्हा निखाऱ्यांवर फिरवायचं, आणि शेवटी दळायचं. त्या पिठाची पाण्यात दाटसर पेज. बाळाला पातळ करून, मोठ्यांना घट्ट. कडाक्याच्या थंडीत ती बाहेर ठेवून गोठवूनही खात. 1844 च्या जानेवारीत जॉन फ्रेमाँट आपली तुकडी घेऊन या मुलखातून चालला होता तेव्हा स्थानिक लोकांनी त्याला ह्या बिया दिल्या. पुढच्या वर्षी शास्त्रीय नाव लागलं, आणि त्या नावासोबत फ्रेमाँटचंही.

पिन्यॉनची एक खोड आहे. एकाच रानात भरघोस पीक काही वर्षांच्या अंतरानंच येतं. या वर्षी ही रांग, पुढच्या वर्षी ती. म्हणून एका कुटुंबाला जगायला एक डोंगर पुरत नाही, चार-पाच लागतात. बाहेरच्याला ती रिकामी, पडीक जमीन वाटते.

1859 मध्ये नेव्हाडात चांदी सापडली. 1863 मध्ये रुबी व्हॅलीला शोशोनींशी तह झाला, त्यात वाट आणि खाणींना परवानगी होती. युरेका गावची खनिजं शिसंमिश्रित, ती वितळवायला भट्ट्या लागत आणि भट्ट्यांना लोणारी कोळसा. डोंगरावर दुसरं होतं काय? पिन्यॉन. राळ भरलेलं, रसरसून जळणारं लाकूड. बाबराला ज्याचा दिवा दिसला होता तशाच लाकडाचा इथे कोळसा पाडायला सुरुवात झाली. 1874 पर्यंत युरेकाभोवतीचे वीस मैलांचे उतार बोडके झाले. 1878 पर्यंत कोळसा सरासरी 35 मैलांवरून ओढून आणावा लागत होता. ईलीजवळच्या वॉर्ड इथे 1876 च्या सुमाराच्या सहा दगडी कोळसाभट्ट्या आजही उभ्या आहेत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या, तीस-तीस फूट उंच. लोक तिथे फोटो काढतात. छान येतात फोटो.

कोळसा पाडणारे बहुतेक इटालियन आणि स्वित्झर्लंडच्या इटालियन भागातले स्थलांतरित मजूर. ज्या भाषेत ‘पिनोली’ हा लाडका शब्द आहे ती भाषा बोलणारे लोक पिन्यॉनचा कोळसा करत होते. त्यांचीही दैना होतीच. रायगडातला कातकरी कोळसाभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन वर्ष काढतो, तसंच साधारण. भट्टीवाल्या कंपन्यांनी बुशेलमागे तीस सेंटांवरून साडेसत्तावीसवर भाव आणला, तेव्हा या मजुरांनी संघटना केली. 18 ऑगस्ट 1879 रोजी फिश क्रीकला डेप्युटी शेरीफच्या माणसांनी गोळीबार केला, पाच जण मेले. नेव्हाडाच्या इतिहासात याला ‘कोळसेवाल्यांचं युद्ध’ म्हणतात. अडीच सेंटांचं युद्ध. ज्यांच्या बेगमीचा हा कोळसा होता त्या शोशोनींचा या गोष्टीत उल्लेख आला तर एखाद्या ओळीत येतो.

चांदी संपली, भट्ट्या विझल्या, पिन्यॉन हळूहळू परत आला. चांगलं पीक द्यायला झाडाला पाऊणशे-शंभर वर्षं लागतात. ती भरत आली तेव्हा नवा पाहुणा आला: गाईगुरं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खात्यांनी ठरवलं की पिन्यॉन-जुनिपरचं रान म्हणजे फुकट गेलेलं कुरण. दोन मोठ्या ट्रॅक्टरांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधायची आणि दोन्ही ट्रॅक्टर समांतर चालवायचे. मधली सगळी झाडं मुळासकट आडवी. अमेरिकेच्या पश्चिमेत 1950 आणि 60 च्या दशकांत अशी लाखो एकर राने लोळवली गेली. रोनाल्ड लॅनर या वनस्पतीशास्त्रज्ञानं 1981 मध्ये पिन्यॉनवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात या साखळ्यांच्या हिशोबाचे वाभाडे काढले आहेत. मला ते पुस्तक आवडलं याचं एक कारण म्हणजे तो बियांच्या पाककृतीही देतो. झाडावर माया करणारा माणूस ते खाऊनही बघतो.

जमिनीचा खटला वेगळाच चालला. शोशोनींची जमीन कधी, कुठल्या कागदानं गेली हे कुणालाच नीट दाखवता येत नव्हतं, पण 1979 मध्ये तिची भरपाई म्हणून 2 कोटी 60 लाख डॉलर ठरले आणि सरकारनं ते सरकारच्याच तिजोरीत जमा केले. शोशोनींनी घ्यायला नकार दिला. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तिजोरीत पैसे पडले म्हणजे ते तुम्हाला मिळाले. मला कायद्याचं फार कळत नाही, पण भूसंपादनाचा मोबदला ‘न्यायालयात जमा’ झालेली कुटुंबं मी महाराष्ट्रात पाहिली आहेत, आणि हा निकाल त्यांना अमेरिकन वाटणार नाही. दरम्यान, दर सप्टेंबरला शूर्झ इथे वॉकर रिव्हर पाइयूट लोक पिन्यॉनचा सण करतात, गोल धरून नाचतात, बियांना आशीर्वाद मागतात.

किन्नौरचा पाहुणा उशिरा आला. सतलजचं पाणी उतारावरून पडतं, आणि पडणाऱ्या पाण्याची वीज होते. 1000 मेगावॉटचा कडछम-वांगतू 2011 मध्ये सुरू झाला, आणखी रांगेत आहेत. बोगद्यांचा मलबा, रस्ते, विजेच्या तारांखालचे पट्टे, यांत चिलगोज्याची झाडं जातात. ज्या कोरड्या, उभ्या उतारावर दुसरं काही जगत नाही तिथली माती हेच झाड धरून असतं, हे वेगळं. काशंग प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याविरुद्ध लिप्पा गावचे लोक हरित लवादाकडे गेले. 2016 च्या मे महिन्यात लवादानं सांगितलं की वनहक्क कायद्याप्रमाणे हा विषय आधी ग्रामसभेपुढे ठेवा. 2006 चाच तो कायदा, ज्याच्या जोरावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं बांबू आपला म्हणून विकून दाखवला. कायद्याच्या भाषेत चिलगोजाही बांबूसारखाच ‘गौण वनोपज’. हजारो रुपये किलोची गौण वस्तू.

इथे गावाची बाजू घेऊन मोकळं होणं सोपं आहे, पण खरी अडचण गावातही आहे. भाव वाढल्यापासून झाडावर एकही फळ मागे राहत नाही. काही गावं घरटी वाटा ठेवतात, काही आपलं रान ठेकेदाराला लिलावानं देतात, आणि ठेकेदाराच्या मजुराला पुढच्या वर्षाशी घेणंदेणं नसतं. तो फळासकट फांदीच ओढतो. पुढच्या वर्षी पिकणारं बोराएवढं कोवळं फळ त्याच फांदीवर असतं, तेही गेलं. जमिनीवर बीच पडत नाही म्हटल्यावर रोप कुठून येणार? किन्नौरच्या कित्येक रानांत म्हातारी झाडंच दिसतात, कोवळी जवळपास नाहीतच. पूर्वी हिवाळ्यापुरतं घरी न्यायचे तेव्हा पक्ष्यांना, उंदरांना, मातीला काही उरायचं. आता किन्नौरी घरातसुद्धा चिलगोजा मोजून खातात, कारण एक मूठ म्हणजे मुलाच्या वहीपुस्तकाचे पैसे.

हा भाव कुठून आला, ते कळायला बाबराच्या मुलखात परत जावं लागतं. पूर्व अफगाणिस्तानचे डोंगर, आणि सीमेपलीकडे वझिरिस्तान आणि सुलेमान रांग, हा चिलगोज्याचा सर्वांत मोठा पट्टा. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये काबूलहून शांघायला चिलगोज्यांची पहिली मालवाहू विमानं सुटली. तोपर्यंत बराच माल पाकिस्तानमार्गे, त्यांच्याच नावानं जात होता. चीनमध्ये या दाण्यांना केवढी भूक आहे ते 2021 च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं: एका लाइव्हस्ट्रीमवर अफगाण चिलगोज्यांचे 1 लाख 20 हजार डबे बघता बघता संपले. फोनवर अंगठा ठेवला, डबा बुक.

(जाता जाता: स्वस्तातले सोललेले पाइन नट खाऊन एक-दोन दिवसांनी तोंडाला धातूसारखी कडवट चव आली, तर घाबरू नका. आठवडा-दोन आठवड्यांत जाते. चीनमधल्या एका विशिष्ट जातीच्या बियांमुळे होतं. चिलगोजा त्यातला नाही.)

या दोन नोव्हेंबरांच्या मधला एक सप्टेंबर सांगायचा राहिला. नांगरहार प्रांतात खोग्यानी जिल्ह्यातल्या वझीर तंगी इथे 2019 चं पीक तयार होतं. तोडणीला बाहेरून मजूर आणायचे होते. तो भाग इस्लामिक स्टेटच्या टोळ्यांचा, वर अमेरिकी ड्रोन. म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांनी आधीच खबरदारी घेतली. 7 सप्टेंबरला त्यांनी प्रांताच्या गव्हर्नरला पत्र दिलं की चिलगोजे तोडायला दोनशे माणसं येणार आहेत, त्यात मुलंही असतील. 18 सप्टेंबरच्या रात्री मजूर दिवसभराचं काम आटोपून शेकोट्यांभोवती बसले होते. ड्रोन हल्ल्यात किमान तीस जण ठार झाले, चाळीस जखमी. इस्लामिक स्टेटवर हल्ला केला, असं अमेरिकी सैन्यानं सांगितलं. पत्र अकरा दिवसांपूर्वीच पोचतं केलेलं होतं.